पॉवर स्टीअरिंगचं ऑइल गळतंय, खरंच रॅक बदलावा लागेल?

चाकोरीबाहेर:
गाडी २००४ ची, हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग. उभी असते तिथे लालसर डाग पडतो, ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या जरा मागे. टाकी भरली की काही दिवस निभतं, मग पहिल्याच वळणाला पंप कण्हायला लागतो. मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं न पाहिलं आणि "रॅक गेला, अख्खा बदला" म्हणून मोकळा झाला (रॅक म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा आडवा भाग). मित्र म्हणतो, लीक थांबवणारी बाटली ओत. काय करू?

तेलकट_बोटं:
दोन्ही थांबवा, आधी ऑइल कुठून येतंय ते बघा. ते पाइपच्या अंगावरून ओघळत सगळ्यात खाली येऊन ठिबकतं, आणि बहुतेक गाड्यांत रॅक तिथेच असतो. त्यामुळे आळ त्याच्यावर.

रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. क्लॅम्प काढून बुटाची कड उचला. आत ऑइल साचलं असेल तर टोकाचं सील गेलंय, मेकॅनिक बरोबर. नुसतं ग्रीस असेल तर टोकाची सील शाबूत आहेत. मग स्टीअरिंगचा दांडा रॅकमध्ये शिरतो तिथलं सील तेवढं बघायचं राहतं.

मग सगळा भाग डिग्रीजरने धुऊन कोरडा करा. कुणालातरी इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग फिरवायला बसवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात वरची ओली जागा धरायची, खालच्या सगळ्या विसरायच्या. स्टीअरिंग टोकाला नेऊन पाचेक सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू देऊ नका, तिथे पंप पूर्ण जोर लावतो, दाब ८०-१०० बारच्या घरात जातो. आणि कृपा करून चालू इंजिनवर पाइप हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातली धार कातडीत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं. पुठ्ठा फिरवा, ओला होईल तिथे गळती.

एवढ्या वयाच्या गाडीत माझा पहिला संशय प्रेशर पाइपवर (पंपाकडून रॅककडे जाणारा), जिथे रबर लोखंडी नळीवर क्रिम्प केलेलं, म्हणजे दाबून घट्ट बसवलेलं असतं तिथे. दुसरा रिटर्न पाइपच्या (टाकीकडे परत येणारा) क्लॅम्पवर. रिटर्नला दाब फारसा नसतो, लांबी पुरत असेल तर कडक झालेलं टोक कापून नवा क्लॅम्प लावला तरी चालतं. प्रेशर पाइपला क्लॅम्पची जुगाडं अजिबात नकोत. नवा पाइप घ्या, नाहीतर हायड्रॉलिक होस बनवणाऱ्याकडून रबर बदलून क्रिम्प करून घ्या.

ती बाटली सील फुगवते. आकसलेल्या सीलवर थोडे दिवस फरक पडतो, चिरलेल्या पाइपवर काहीच नाही.

पट्टा_ढिला:
पंपाच्या पुलीमागेही बघा. शाफ्टचं सील गेलं की पुली ऑइल गोल भिरकावते, बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्टा उमटतो आणि बेल्ट ओला होऊन किंचाळतो. जळका वास येत असेल तर तपासणी उद्यावर ढकलू नका, एक्झॉस्टवर पडलेलं हे ऑइल पेट घेऊ शकतं.

चाकोरीबाहेर:
बूट आतून कोरडे ठणठणीत! प्रेशर पाइपच्या क्रिम्पपाशी ओलं आहे, तिथून नळीवरून खाली रॅकपर्यंत ओघळ. पुली कोरडी. पाइप मिळाला, स्वतः बसवतोय. पण एक प्रश्न राहिलाच, ऑइल कुठलं? लाल दिसलं म्हणजे एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ना?

तेलकट_बोटं:
रंगावर जाऊ नका. टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. कुठे डेक्सरॉन एटीएफ, कुठे हिरवं सिंथेटिक, होंडाचं तर वेगळंच. चुकीचं पडलं तर सील खराब होतात आणि मग रॅक खरोखरच जातो.

पंपावर बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून ऑइल जातं) असेल तर दोन्ही बाजूंचे वॉशर नवे टाका. टाकीच्या तळाशी जाळी असते, ती तुंबली असेल तर टाकीच बदला.

एअर काढताना पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्या. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा, पातळी उतरली की भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करायचं. टाकीत फेस दिसला तर इंजिन बंद करून तो बसू द्या, मग पुन्हा. फेस जातच नसेल तर पंपात ऑइल शिरतं तिथली ओ-रिंग बघा. तिथून थेंब पडत नाही, हवा मात्र ओढली जाते.