प्रति: डिकलभोवतीचे पांढरे डाग

मिग-२१ विमानाच्या मॉडेलवर डिकल (पाण्यात भिजवून सरकवत चिकटवायची चिन्हांची पातळ फिल्म) लावल्यावर भोवती पांढरे डाग का आले, असं फोटो टाकून विचारलंय. 'पांढरं दिसतंय म्हणजे ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) न देता मॅट, म्हणजे बिनचमक रंगावरच डिकल लावले' असं त्यावर एक उत्तर आलंय, ते अर्धंच खरं. खरखरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि फिल्म चंदेरी दिसते. त्यावर सुईने बारीक टोचून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रावण) सोडणं हाच इलाज. पण फोटोतला डाग डिकलच्या कडेबाहेर पसरलाय. तो क्षारांचा आहे. आपल्याकडे लातूर-बीड काय नि जालना काय, बोअरचं पाणी जड. डिकल भिजवायला तेच वाटीत घेतलं की बादलीवर बसतो तोच थर पंखावर बसतो. गडद राखाडी मिग-२१ वर तर लगेच उठून दिसतो.

ओळखायचं कसं? डागावर ओला ब्रश फिरवा. क्षार असतील तर डाग तेवढ्यापुरता नाहीसा होतो, वाळला की परत येतो. हवा असेल तर काही फरक पडत नाही.

डिकल रात्रभर वाळू द्या. मग एक भाग पांढरा व्हिनेगर, दोन भाग बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर यात इअरबड भिजवून निथळा आणि डाग टिपा. घासू नका, कड उचलते. नंतर नुसत्या डिस्टिल्डने पुसा. हे क्लिअर कोटच्या (शेवटच्या पारदर्शक थराच्या) आधीच, कारण कोटखाली गेलेला क्षार निघत नाही. पुढच्या वेळी डिकल भिजवायलाच बॅटरीचं पाणी घ्या, आरओचंही चालेल. आणि मे महिन्यात पंखा बंद ठेवा, नाहीतर डिकल सरकवायच्या आतच चिकटून बसतं.