‘अरे मस्करी होती’ म्हटलं की विषय संपतो का?

ऑफस्टंप:
यॉर्कशायर या इंग्लंडमधल्या क्रिकेट क्लबकडून खेळणाऱ्या, पाकिस्तानी वंशाच्या अझीम रफीकच्या प्रकरणातली एक गोष्ट मला अजूनही पचलेली नाही म्हणून हा धागा. टीममधला एक जण त्याला पाकिस्तानी वंशावरून हिणवणारा शब्द वापरायचा हे चौकशीत मान्य झालं होतं. आणि 2021 मध्ये अहवालातलं बाहेर आलं ते काय, तर ही दोस्तीतली मस्करी होती आणि रफीकने ती मनाला लावून घेणं बरोबर नव्हतं! क्लब म्हणाला कोणावरही कारवाई नाही. मग स्पॉन्सर गेले, इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने हेडिंग्ले या क्लबच्या मैदानावरच्या इंटरनॅशनल मॅचेस थांबवल्या, रफीक ब्रिटिश खासदारांच्या समितीपुढे बोलता बोलता रडला, तेव्हा कुठे सगळे जागे झाले. 2023 मध्ये क्लबला 4 लाख पौंड दंड झाला आणि त्याचे 48 पॉइंट कापले.
माझं मत सरळ आहे. शब्द कुठला ते नंतर बघा, आधी हे बघा की समोरचा तेवढ्याच जोरात उलटं बोलू शकतो का, आणि बोलला तर उद्या टीममधली त्याची जागा राहते का. राहत नसेल तर ती मस्करी नाही.

लेगबाय:
नाही पटलं. ड्रेसिंग रूम म्हणजे ऑफिस नाही, महिनोन्‌महिने एकत्र राहणारी पोरं असतात, जाड्या टकल्या बुटक्या सगळं चालतं आणि त्यातूनच टीम बनते. तुमच्या नियमाने सिनियर ज्युनियरला काहीही बोलला की गुन्हाच. आणि आरोप झाला की माणूस आयुष्यातून उठतो त्याचं काय? इंग्लंडचा माजी कॅप्टन मायकल वॉन 2009 मध्ये यॉर्कशायरच्या आशियाई वंशाच्या खेळाडूंना वंशावरून काहीतरी बोलला असा आरोप झाला, तो पहिल्यापासून नाही म्हणत होता, बीबीसीने अ‍ॅशेसच्या कॉमेंट्रीतून बाजूला ठेवला आणि मार्च 2023 मध्ये निकाल काय, तर आरोप सिद्ध होत नाही. मधल्या काळाची भरपाई कोण देणार? रफीकचेही 2011 चे ज्यूंबद्दलचे मेसेज निघालेच की, त्याने माफी मागितली, नुसत्या ताकिदीवर विषय मिटला. बाकीच्यांना तीच सूट का नाही?

नाईटवॉचमन:
वॉनचं मान्य, सिद्ध झालं नाही म्हणजे नाही. पण त्या एका आरोपावरून सगळंच निकालात काढू नका. रफीकला तो शब्द वापरणारा म्हणजे गॅरी बॅलन्स, त्याने स्वतः कबूल केलं, वर म्हणाला आम्ही घट्ट मित्र होतो. नंतर भेटून माफी मागितली ते चांगलंच केलं.
पुजाराचं बघा. यॉर्कशायरला गेला, तर चेतेश्वर म्हणता येत नाही म्हणून त्याला स्टीव्ह करून टाकलं. त्याने मुलाखतीत हे मजेत सांगितलं, पण मला चेतेश्वरच आवडेल हेही त्यातच सांगितलं आणि ते कोणी कानावरच घेतलं नाही. 2020 च्या अ‍ॅडलेड टेस्टला शेन वॉर्न कॉमेंट्रीतही स्टीव्ह. आपली पोरं डु प्लेसी म्हणायला शिकलीच ना?

बॅकफूट:
पुजाराने तक्रार केली नाही मग आपण त्याच्या वतीने का दुखावून घ्यायचं. फरक हेतूचा असतो. उरुग्वेचा फुटबॉलपटू कवानी, त्याने 2020 मध्ये इन्स्टावर मित्राला लाडाने ‘नेग्रितो’ (म्हणजे काळू) लिहिलं, त्यांच्याकडे तसं बोलतात, तरी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 3 मॅचचा बॅन आणि 1 लाख पौंड दंड ठोकला. हा मला अन्यायच वाटतो.

ऑफस्टंप:
कवानीबद्दल तुमच्याशी सहमत, तो मित्रच होता. पण नुसत्या हेतूने काम भागत नाही. वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी आठवा. आयपीएलच्या सनरायझर्स टीममध्ये त्याला काळू म्हणायचे, त्याला वाटायचं दणकट घोडा वगैरे अर्थ असेल, हाक मारली की सगळे हसायचे, हे आपलेच लोक म्हणून यालाही त्याचं काही वाटायचं नाही. 2020 मध्ये अर्थ कळल्यावर भडकला, तसं म्हणणाऱ्यांनी आपण होऊन फोन करा म्हणाला. एकाने सांगितलं प्रेमाने म्हणत होतो, सॅमीने ते मानलंही. ठीक आहे, हेतू वाईट नसेल. पण ज्याच्यावर जोक चाललाय तो सोडून खोलीतल्या सगळ्यांना तो कळतोय, ही कसली मस्करी?

लेगबाय:
आपल्याकडे घरातही काळू म्हणतात हो, लाडाने.

तिसरी_पंच:
घरात म्हणतात म्हणून लागत नाही हे कोणी सांगितलं? आपला बॅट्समन अभिनव मुकुंदने ऑगस्ट 2017 मध्ये लिहिलं होतं की रंगावरून लोकांचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकतोय, हे टीममधल्या कोणाबद्दल नाही हेही स्पष्ट केलं. टेस्ट खेळलेल्या माणसाला हे लिहावंसं वाटतं, तर शाळेतल्या पोराचं काय होत असेल. आणि 2021 मध्ये सिडनीत प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्यांबद्दल सिराजने पंचांकडे तक्रार केली तेव्हा आपण सगळे पेटलो, बरोबरच होतं. पण 2007 ला वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सकडे बघून माकडाचे हावभाव करणारे आपलेच होते, तेव्हा किती जण बोलले?

लेगबाय:
प्रेक्षकांबद्दल वाद नाहीच, त्यांना बाहेर काढा, केस करा. सहकाऱ्याला त्यांच्या रांगेत बसवू नका एवढंच म्हणतोय.

ऑफस्टंप:
सहकाऱ्याचंच जास्त अवघड असतं. प्रेक्षक संध्याकाळी घरी जातो, सहकारी दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारच्या खुर्चीवर. ज्याची तक्रार करायची तोच कॅप्टनच्या मर्जीतला असेल तर नव्या पोराने जायचं कुठे? रफीकने क्लबमध्ये 2018 मध्येच सांगितलं होतं, चौकशी लागली 2020 मध्ये, तो जाहीर बोलल्यावर. म्हणून अशी चौकशी क्लबच्या हातात असूच नये.

लेगबाय:
बाहेरच्यांनी चौकशी करावी याला माझा पूर्ण पाठिंबा. पण निकाल लागेपर्यंत दोघांचीही नावं गुप्त ठेवायची, हे मान्य करता का?

ऑफस्टंप:
नाही. यॉर्कशायरने कोणावरही कारवाई नाही म्हणून फाइल बंदच केली होती, ती बाहेर बोंब झाल्यामुळे उघडली.