टीव्ही ४३ की ५५ इंची?
तीस हजारात ४३ की ५५ असं विचारलाय, तर ४३च घ्या की ओ, मोठ्याच्या नादात हलक्या दर्जाचं पॅनल (टीव्हीचा पडदा) पदरात पडतंय. सोफा बरोबर समोर असेल तर व्हीए जातीचं पॅनल बघा, त्याचं कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) ३०००:१ च्या पुढं असतंय, आयपीएस जातीच्या पॅनलला १०००:१ च्या आसपास, म्हणजे रात्री लाईट घालवली की आयपीएसवर काळं असतंय ते राखाडी दिसतंय (बाजूला बसून बघणारे जास्त असतील तर मात्र आयपीएसच बरं). मी खडेबाजारात झगझगीत रंग बघून एक उचलला, घरी लावल्यावर सगळ्यांची तोंडं टोमॅटोगत लाल, मग कळलं ते व्हिव्हिड मोड (रंग भडक करणारी सेटिंग) होतं! सिनेमा मोडवर टाकल्यावर माणसं माणसागत दिसायला लागली. पेनड्राईव्हवर अंधाराचा एखादा सीन घेऊन जावा, दुकानदार तोंड वाकडं करंल, करू दे.