लातूर-नांदेडच्या सपाटीला फिक्सीच बरी, पटतंय का?

मांजराकाठचा (लातूर)

आमच्या ट्यूशन एरियात गियरच्या सायकली लई वाढल्यात. एकवीस गियर, पुढं सस्पेन्शन, दोन्हीकडं डिस्क ब्रेक. पोरं मात्र वर्षभर एकाच गियरवर चालवतात. बाकीचे गियर धुळीनं जाम होतात, स्टँडवर सायकल पडली की डिरेलर (गियर बदलताना चेन सरकवणारा भाग) वाकतो आणि मग चेन उतरायला लागते. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याचं रोजचं जाणं-येणं शहरात किंवा औसा रोडसारख्या रस्त्यानं आहे, त्यानं फिक्स्ड गियरची सायकल घ्यावी.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: नेहमीच्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक पळत राहतं, ती टिकटिक त्याचीच. फिक्सीत फ्रीव्हील नाही. मागचं दात्यांचं चक्र थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आवळलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पायानं उलटा जोर द्यायचा.

यात बिघडायला फार काही नाही. केबल कमी, सुटे भाग कमी, वजन कमी. चेन रुंद आणि सरळ रेषेत चालते, त्यामुळे जास्त टिकते. आणि मुख्य म्हणजे चालवणारा झोपेत चालवू शकत नाही, रस्त्यावर पूर्ण लक्ष लागतं. जुन्या काळी मोठ्या शर्यतीसुद्धा बिनगियरच्या सायकलींवर झाल्यात. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला १९३७ साली परवानगी मिळाली. त्याआधी रायडर घाट आला की खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या दात्यांवर चढायचे. आपल्याला औशापर्यंत जायला एकवीस गियर कशाला लागतात?

बालाघाटी (बीड)

भाऊ, औसा रोडवरून सगळा मराठवाडा मोजू नका. आमचा मांजरसुंब्याचा घाट उतरून बघा.

साधा हिशेब मांडतो. पुढं ४६ दाते, मागं १७, चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.७ मीटरच्या आसपास जाते. सपाटीवर ताशी ३० च्या वेगाला पाय मिनिटाला नव्वदेक वेळा फिरतात, तिथवर ठीक आहे. घाटात सायकल ५० वर गेली की तेच पाय मिनिटाला १४७ वेळा फिरायला पाहिजेत. कुणाचे फिरतात? पाय मागं राहिला की पायडल तुमचा पाय उचलून टाकतं, आणि त्या वेगाला तोल गेला तर सावरायला वेळ नसतो. फ्रीव्हीलवाला त्याच उतारावर दोन्ही पायडल आडवे धरून, बुड जरा उचलून, बोटं ब्रेकवर ठेवून निवांत उतरतो.

दुसरं, गाळप हंगाम. नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की बीड, लातूर, धाराशिव, कुठंही जा, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवाही नाही आणि रिफ्लेक्टरही नाही. पहाटे अंधारात अशी ट्रॉली अचानक समोर दिसते. रस्त्यावर उसाची कांडकी पडलेली असतात. तिथं मला पायानं उलटा जोर लावत बसायचं नाही, जागेवर थांबायचं असतं. लेकरांना असली सायकल घ्या म्हणून सांगणं मला अजिबात पटत नाही.

वेरूळ रोड (संभाजीनगर)

मी दोन्ही चालवतो, म्हणून मधे बोलतो. बालाघाटी म्हणतात तो धोका खरा आहे, पण तो ब्रेक न लावणाऱ्यांचा आहे. ब्रेक नसलेली फिक्सी ही व्हेलोड्रोमची सायकल. २५० मीटरचा, वळणावर चाळीस अंशांहून जास्त तिरपा ट्रॅक, सगळे एकाच दिशेनं जाणारे, समोरून ना एसटी ना म्हैस. तिथं कुणी अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे पडतील, म्हणून तिथं ब्रेकच नसतो. आपल्याला सायकलचा ट्रॅक बघायचा तर पुण्यात बालेवाडीला जावं लागतं. तिथला नियम जालना रोडवर आणायचा नसतो.

थांबताना अंगाचं आणि सायकलचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून मागचं चाक पायानं कितीही अडवलं तरी ते घसरत जातं, लवकर थांबत नाही. थांबवायचं खरं काम पुढचा ब्रेक करतो. ब्रिटनमध्ये कायदाच असा आहे की फिक्सीला पुढचा ब्रेक हवा, मागचं चाक पायानं अडतं म्हणून त्याचा दुसरा ब्रेक धरतात. आपल्याकडच्या वाहतुकीत मी तर दोन्ही ब्रेक लावा म्हणेन.

खुलताबादहून दौलताबादकडं घाट उतरताना मी पहिल्या वळणाआधीच वेग धरून ठेवतो, वाढूच देत नाही. वेळ जास्त लागतो. तेवढा धीर नसेल तर त्या रस्त्याला फिक्सी नेऊ नये. वळणावर आणखी एक गोष्ट. पाय थांबत नसल्यामुळे सायकल आतल्या बाजूला झुकवली की आतलं पायडल रस्त्याला घासू शकतं. म्हणून फिक्सीला १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचा क्रँक (पायडल ज्या दांड्याला लागतं तो) बरा पडतो.

पंधराचा पाना (जालना)

माझं सायकलचं दुकान आहे. फायदे-तोटे तुम्ही बोला, मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती पोरांनी नीट वाचावी.

पोरं जुनी सायकल घेऊन येतात आणि म्हणतात, “काका, फ्रीव्हील वेल्डिंग करून द्या, फिक्सी करायची.” मी करत नाही. दुसरीकडं करून मिळतं, हेही मला माहीत आहे.

फ्रीव्हील हबवर उजव्या आट्यानं बसतं. पुढं पायडल मारलं की ते आणखी आवळतं. पण उलटा जोर लावला की तेच सुटायला लागतं. साध्या सायकलवर उलटा जोर जातच नाही, म्हणून काही होत नाही. वेल्डिंग केलेल्यावर तुम्ही थांबायला उलटा जोर लावणार आणि नेमकं त्याच वेळी ते हबवरून सुटणार. पाय मोकळे फिरतील, सायकल पुढं जाईल. खऱ्या फिक्सीच्या हबला दोन आटे असतात. चक्र उजव्या आट्यावर, आणि त्याच्यावरून लॉकरिंग, म्हणजे चक्र धरून ठेवणारी कडी, डाव्या आट्यावर. चक्र सुटायला लागलं की लॉकरिंग उलट जास्त आवळते. हा हब वेगळा घ्यावाच लागतो. वेल्डिंगच्या पैशात तो येत नाही.

आणि चेन. फिक्सीची चेन वर-खाली अर्धा इंच हलेल एवढीच सैल पाहिजे. जास्त सैल राहिली आणि चालत्या सायकलवर उतरली, तर एक तर चाक जाम होतं, नाहीतर पायाचा ब्रेक गेला. पंक्चर काढून चाक परत बसवलं की दर वेळी हे बघायचं. आपल्याकडं वेड्या बाभळीच्या काट्यानं पंक्चर काही कमी होत नाहीत. पंधराचा पाना सायकललाच बांधून ठेवा.

गोदाकाठ (नांदेड)

मांजराकाठचा दादा, तुम्ही जे फायदे मोजले ते परत वाचून बघा. केबल कमी, वजन कमी, चेन सरळ, डिरेलर वाकायची भानगड नाही. हे सगळं एका गियरच्या साध्या फ्रीव्हीलवाल्या सायकललाही मिळतं! आपल्या आजोबांच्या दूधवाल्या सायकलला मिळायचं. मग पाय थांबवायची सोय काढून टाकून आपण नेमकं काय कमावलं?

मुलींच्या बाजूनं बोलते, कारण इथं कुणी बोललं नाही. ओढणी किंवा पायजमा चेनमध्ये गेला तर साध्या सायकलवर मी पाय थांबवते, चेन थांबते, कपडा थोडा फाटतो. फिक्सीवर चाक पळतंय तोवर चेन ओढतच राहणार, कपडाही आणि माझा पायही. फिक्सीला चेनकव्हर लावलेलं मी तरी पाहिलं नाही. चेन पुसतानाही हाच धोका आहे. सायकल उलटी ठेवून चाक फिरवत फडक्यानं चेन पुसायची सवय सगळ्यांना असते. फिक्सीत फडकं अडकलं की बोट चक्रात जातं, आणि फिरतं चाक लगेच थांबत नाही. बोट तुटण्याचे अपघात असेच होतात. घरात लहान भावंडं असतील तर ही सायकल उलटी करून ठेवूच नका.

आणि आमच्या भागातली काळी माती. जूनमध्ये शेतरस्त्यावर पाचशे मीटर गेलं की चिखल टायर आणि फ्रेमच्या मधे थापला जातो. फिक्सीच्या फ्रेममध्ये तिथं बोटभरही जागा नसते. चाक अडलं की पायडल अडलं. गावातल्या विनापट्ट्याच्या गतिरोधकावर पायडल आडवे धरून उभं राहताही येत नाही. ट्यूशनला जाणाऱ्या मुलीला एवढा विचार कशाला करायला लावायचा?

मांजराकाठचा (लातूर)

ताई, चेनमध्ये ओढणी आणि बोटाचं तुम्ही सांगितलं ते मला मान्य आहे, त्यावर वाद नाही. चेनकव्हर बसतं, ते बसवूनच घ्यावं. वेल्डिंगचं काकांनी सांगितलं ते तर भिंतीवर लिहून ठेवावं.

पण काय कमावलं, याचं उत्तर आहे. कमावला तो ताबा. लातूरची गंजगोलाई डोळ्यासमोर आणा. सोळा रस्ते येऊन मिळतात, हातगाडे, रिक्षा, भाजीच्या पाट्या, मधेच कुणी आडवं येतं. तिथं चालण्याच्या वेगानं, पाय खाली न टेकता सायकल पुढं न्यायची तर फिक्सीसारखी दुसरी नाही. पायानं पाव फेरा पुढं, जरा रोखलं, परत पाव फेरा. पावसात रिम ओली झाली की ब्रेकचे रबर काही क्षण नुसते घसरतात. तेव्हा पायातला ताबा कोरडा असतो, तो ओला होत नाही. चाक कधी निसटतंय हे तळपायाला आधी कळतं.

आणि पाय तयार होतात. फ्रीव्हीलवर आपण दर थोड्या वेळानं पाय सोडून देतो, ते कळतही नाही. फिक्सीवर गोल, एकसारखं पायडल मारायला शिकावंच लागतं. शर्यतीत उतरायचं म्हणणाऱ्या पोरांना याचा उपयोग आहे. अंदमानचा एसो अल्बेन आणि मणिपूरचा रोनाल्डो सिंग यांच्या संघानं ट्रॅकवर, म्हणजे फिक्सीवरच, २०१९ साली भारताला ज्युनियर जागतिक अजिंक्यपदाचं सुवर्ण मिळवून दिलं. आपल्या पोरांनी का नाही?

बालाघाटी (बीड)

त्यांनी ट्रॅकवर मिळवलं, भाऊ. तेच म्हणतोय मी. ट्रॅक द्या, मी स्वतः पोरांना घेऊन येतो. जिल्ह्याच्या गावाला एक धड ट्रॅक नसताना रस्त्यावरच्या सायकलला ट्रॅकची सायकल का करायची?

आणि गुडघ्याचं कुणी बोलत नाही. पायडल मारताना गुडघा एका पद्धतीनं जोर घेतो, उलटं रोखताना वेगळ्या. सवय नसलेला माणूस रोज चौकाचौकात पायानं सायकल अडवायला लागला की गुडघे बोलायला लागतात. त्यात मे महिन्याचं परभणीचं ऊन, उलटं वारं, आणि पाय दोन मिनिटं सोडायची सोय नाही.

वेरूळ रोड (संभाजीनगर)

गुडघ्यासाठी गियर हलका ठेवायचा. ४६-१७ ऐवजी ४४-१७ किंवा ४४-१८, आणि रोखायचं काम ब्रेकवर सोपवायचं. लोक फिक्सीवर दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करतात. साडेतेरा तासांची मुदत असते, पाय एकदाही मोकळे सोडता येत नाहीत, तरी वेळेत येतात. सवय हळूहळू लावली तर गुडघे टिकतात. आठवड्यात अंतर दुप्पट केलं तर कुठलीच सायकल माफ करत नाही.

नवा मेंबर (परभणी)

मी बारावीला आहे. मित्र ४८-१६ ची फिक्सी विकतोय. रेडिमेड आहे, वेल्डिंगची नाही. पुढचा ब्रेक आहे, मागचा नाही. स्किड (पायानं मागचं चाक अडवून घसरवत थांबणं) शिकायचं आहे. घेऊ का?

वेरूळ रोड (संभाजीनगर)

४८ भागिले १६ म्हणजे बरोबर ३. त्याचा अर्थ पायडलच्या दर फेऱ्यात चाक पूर्ण तीन फेरे घेतं. म्हणून एकच पाय पुढं धरून चाक अडवलं की दर वेळी टायरचा तोच तुकडा रस्त्यावर घासतो. थोड्याच दिवसांत तिथं टायर पातळ होऊन फुटतो. ४६-१७ ला पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे घासायच्या जागा सतरा होतात आणि टायर सारखा झिजतो. चक्र बदलून घे. शिवाय परभणीत उन्हाळी वाऱ्यात ४८-१६ जड जाईल. मागचा ब्रेक बसवता येतो का ते फ्रेमला भोक आहे का यावरून कळेल.

गोदाकाठ (नांदेड)

बाळा, बारावीच्या वर्षात स्किड शिकायला कोणता रस्ता निवडणार आहेस? हब दोन्ही बाजूंनी आट्याचा असेल, म्हणजे एका बाजूला फिक्स चक्र आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसतं, तर आधी फ्रीव्हीलच्या बाजूनं चालव. क्लासला जायला तेवढं पुरे आहे. पण तेव्हा पायाचा ब्रेक उरत नाही, म्हणून मागचा ब्रेक बसवल्याशिवाय ते चाक उलटं करू नकोस.

बालाघाटी (बीड)

मी म्हणेन घेऊच नको. त्याच पैशात जुनी रेंजर मिळते, तिला मडगार्ड आणि कॅरियर दोन्ही येतं.

पंधराचा पाना (जालना)

घेतलीस तर आधी लॉकरिंग आहे का आणि आवळलेली आहे का ते बघ. नुसतं चक्र बसवून विकलेल्या सायकली मी पाहिल्यात. चाक उलटं करशील तेव्हा दोन्ही बाजूंचे दाते सारखे आहेत का तेही मोज. वेगळे असतील तर चेन ताठ करताना एक्सेल पुढं-मागं सरकते, मग मागच्या ब्रेकचे रबर रिमवर नीट बसत नाहीत, कधी टायरला घासतात. ते परत लावून घ्यायचे. जालन्याला येणं झालं तर सायकल घेऊन ये, बघून देतो.