तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे? विदर्भाच्या गावकऱ्यांनो, सांगा!

लोणार, जि. बुलडाणा

मागच्या महिन्यात आमच्याकडे मुंबईचे पाहुणे आले होते. जेवता जेवता त्यांनी सहज विचारलं, "नागपूर आणि ताडोबा सोडलं तर विदर्भात पाहण्यासारखं काय आहे हो?" आईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली आणि म्हणाली, "आधी जेवा पोटभर. मंग दाखवतो."

संध्याकाळी ती स्वतः त्यांना सरोवराच्या काठावर घेऊन गेली. आकाशातून दगड पडला आणि काळ्या बेसॉल्टमध्ये १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं, हे पाहुण्यांना मोबाइलवर वाचून ठाऊक होतं. आईनं सांगितली ती सासू-सुनेची विहीर. कमळजादेवीच्या देवळाजवळची ही विहीर सरोवराचं पाणी चढलं की दिसत नाही. अर्धं पाणी गोड आणि अर्धं खारट, अशी तिची ख्याती. गोड बाजू कुणाची, यावर आमच्या घरात तीन पिढ्यांचा वाद आहे. आजी सून होती तेव्हा म्हणायची, सुनेची. आई घरात आली त्या वर्षापासून आजी म्हणू लागली, सासूची!

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा अकोल्याच्या मावशीचा दिवसातून चार वेळा फोन यायचा, "आता कसं दिसून राह्यलं?" पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे रंगीत सूक्ष्मजीव फोफावले, असं शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. त्याच वर्षी सरोवराचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. आईनं गल्लीत पेढे वाटले. रामसर म्हणजे काय, हे पेढा खाताना सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं.

तर मंडळी, तुमच्या गावची अशी जागा सांगा. फलकावर लिहिलेलं थोडं, घरात बोललं जातं ते जास्त. जागा लहान असली तरी चालेल.

पथ्रोट, जि. अमरावती

आमची शकुंतला रेल्वे. रुळांत गवत वाढलं, पण अजूनही पत्ता सांगताना आम्ही "टेशनाच्या अलीकडं" आणि "टेशनाच्या पलीकडं" असंच सांगतो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा दारव्ह्यावरून यवतमाळला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या गाडीपर्यंत पोचवायला इंग्रजांच्या काळात एका खाजगी कंपनीनं हे रूळ टाकले. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, आणि वेळ चार तास. लोक म्हणायचे फार हळू जाते. मी म्हणतो, आमच्या कामाला तोच वेग बरोबर होता.

माझे बाबा अंजनगावला मास्तर होते. ते गाडीत बसायचे आणि आईच्या लक्षात यायचं की डबा चुलीजवळच राहिला. मग मी डबा घेऊन पळत सुटायचो. गाडी टेशनातून निघालेली असायची, तरी मी शेवटचा डबा गाठायचो आणि गार्डकाकांच्या हातात डबा द्यायचो. तेच काका तिकीट द्यायचे, तेच शिट्टी वाजवायचे. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, मग फाटक उघडून तो परत चढायचा. तेवढ्यात कुणी शेतातून हरभऱ्याचे डहाळे उपटून आणायचं आणि डब्याभर वाटायचं. शेताचा मालकही कधी कधी त्याच डब्यात बसलेला असायचा. तो म्हणायचा, "अरे, तिकडच्या धुऱ्यावरचा घ्या, तो जास्त भरला आहे."

गाडी बंद व्हायच्या आधी माझ्या मुलीला मी मुद्दाम अंजनगावपर्यंत नेलं. तुरीचे दिवस होते. तिनं खिडकीतून हात काढून शेंग तोडली आणि घरी येऊन आजीला दाखवली. ती शेंग आईनं वाळवून देवघरात ठेवली आहे. ही लाइन मोठी करून पुन्हा सुरू व्हावी म्हणून आमच्या भागातल्या लोकांनी कितीतरी निवेदनं दिली. मीही सह्या गोळा करत फिरलो, आणि पुढंही फिरेन.

कौंडण्यपूर, जि. अमरावती

गाडीची गोष्ट वाचून डोळे भरून आले, दादा. आता आमचं ऐका.

साऱ्या महाराष्ट्रासाठी पांडुरंग देव आहे. आमच्या गावासाठी तो जावई आहे. रुक्मिणीचं माहेर आमचं, वर्धा नदीच्या काठावरचं. अंबिकेच्या दर्शनाला गेलेल्या रुक्मिणीला कृष्णानं इथूनच रथात घालून नेलं, अशी कथा. आषाढीला माहेरची पालखी पंढरपूरला निघते, १५९४ पासूनची परंपरा सांगतात. पालखी निघायच्या दिवशी माझी आजी जशी माझ्या आत्याला सासरी पाठवताना रडायची, तशीच रडायची. पदराच्या टोकाला हळदकुंकवाची पुडी बांधून वारकऱ्यांकडे द्यायची, "माह्या लेकीले द्या."

कार्तिकात जावई सासुरवाडीला येतो, म्हणून मोठी जत्रा भरते, दहीहंडी फुटते. त्या दिवशी अंगण सारवलेलं पाहिजे, घरात भांडण नको, आणि आजोबांची दाढी केलेली पाहिजे. एरवी आठ-आठ दिवस दाढीला हात न लावणारे आजोबा त्या दिवशी पहाटेच न्हाव्याकडे. का, तर "जावयापुढं असं कसं उभं राहाव?" मी लग्न होऊन वर्ध्याला आले, पण कार्तिकात माहेरी जातेच. रुक्मिणी आणि मी एकाच गावच्या लेकी, हे मी सासरी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

शेगाव

थोडक्यात सांगतो. गजानन महाराजांच्या दर्शनाला लाखो लोक येतात, ते सगळ्यांना माहीत आहे. माझा अभिमान वेगळा आहे. गाडी शेगावला टेकायच्या आत फलाटावर कचोरीच्या टोपल्या तयार असतात. झोपलेला प्रवासीसुद्धा वासानं उठतो आणि विचारतो, "शेगाव आलं का?" माझ्या काकांनी आयुष्यभर त्या टोपल्या वाहिल्या. गाडी सुटताना सुट्टे पैसे द्यायचे राहिले तर ते डब्यासोबत पळायचे. कुणाचाही एक रुपया त्यांनी ठेवला नाही.

वडसा परिसर, जि. गडचिरोली

कागदावर देसाईगंज, आमच्या तोंडात वडसा. किल्ला नाही, लेणी नाही. आमच्याकडे नाटक आहे! धान घरात आलं, दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकं सुरू होतात ती थेट होळीच्या सुमारापर्यंत. नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशातच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फलक, त्यावर नटनट्यांचे मोठमोठे फोटो. हंगामात पत्तेही तसेच. "रडणाऱ्या नायिकेच्या बोर्डापासून डावीकडं वळा, तलवारवाला लागला की थांबा." दिवाळीला बदललेले बोर्ड माहीत नसले की मागच्या वर्षीचा पाहुणा हमखास चुकतो.

गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. नाटक दहा-अकराला उभं राहतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. मंडपात आजीच्या मांडीवर झोपलेली पोरं खलनायक आला की जागी होतात, त्याला दोन शिव्या देतात आणि परत झोपतात. प्रत्येक घरी पाहुणे. आमच्या घरात एका नाटकाला बावीस माणसं जेवली होती, आईनं मोजली होती. आणि नाटकाला आलेल्या पाहुण्यांमध्येच सोयरिकी जुळतात. माझ्या आईबाबांचं लग्न असंच ठरलं. दोन्हीकडचे मामा मंडपाबाहेर चहा प्यायला भेटले, तिसऱ्या अंकाची घंटा वाजायच्या आत बोलणी पक्की! मोठे झाल्यावर आम्ही बाबांना विचारलं, नाटक कोणतं होतं? बाबा म्हणाले, "कोणाला आठवते? मी तर बायकांच्या बाजूकडंच पाहत होतो." आईला मात्र सगळे प्रवेश पाठ आहेत, गाण्यांसकट.

माझा धाकटा भाऊ दिवसा शेती करतो आणि हंगामात ऑर्गन वाजवतो. त्याचं हे काम मला कुठल्याही मोठ्या नोकरीपेक्षा मोलाचं वाटतं.

नवेगावबांध, जि. गोंदिया

आमचा तलाव. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं लहानपणापासून ऐकत आलो. ना सिमेंट, ना यंत्रं, फक्त माती, दगड आणि पाण्याची चाल ओळखणारी माणसं. भंडारा-गोंदियाकडे असे जुने तलाव जिकडेतिकडे आहेत, आणि आमचा धान त्यांच्यावरच पिकतो. हिवाळ्यात दूरदूरची बदकं येतात. ती आली की आमचे आजोबा म्हणायचे, "पाहुणे आले, आता आवाज कमी करा."

जळगाव जामोद तालुका, जि. बुलडाणा

शेजारच्या भेंडवळची घटमांडणी सांगितल्याशिवाय हा धागा पुरा कसा होईल? अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखतात. कडेनं अठरा धान्यं ठेवतात, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, पाण्याची घागर, त्यावर पुरी, पापड, कुरडई, विडा. रात्री तिथं कुणी जायचं नाही. पहाटे उजाडताच पाहायचं, कोणतं धान्य विस्कटलं, विडा हलला का, ढेकळं किती भिजली. त्यावरून पाऊस, पीक, राज्य, सगळ्यांचं भाकीत. पुरी म्हणजे पृथ्वी आणि विडा म्हणजे राजा.

मी कृषी पदवीधर आहे, पेरणी करतो ती हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल पाहूनच. तरी दरवर्षी पहाटे तीनला मोटरसायकल काढतो. अंधारात हजारो शेतकरी धुऱ्यांवर बसलेले असतात, कुणी मोठ्यानं बोलत नाही. भाकीत सांगणारे कपाशीच्या सरकीजवळ पोचले की शेजारचा अनोळखी माणूसही आपला हात घट्ट धरतो. एका वर्षी एका काकांनी माझा हात असा धरला की घड्याळाचा पट्टा तुटला. "कपाशी मोघम" असं सांगितल्यावर ते म्हणाले, "बाप्पा, मोघम तं मोघम. पेरा लागनच." आणि मला स्वतःच्या डब्यातली भाकर दिली.

गुरुकुंज मोझरी, जि. अमरावती

अमरावती-नागपूर रस्त्यावर आमच्या वडिलांची चहाची टपरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गावात पाय ठेवायला जागा नसते. भजन, खंजिरी, स्वयंपाकाच्या चुली, पिठलं-भाताचा वास. आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन. १९६८ मध्ये महाराज गेले, ती वेळ.

मौनाच्या आधी बाबा भट्टीवरचं पातेलं उतरवून ठेवतात, उकळीचा आवाज नको म्हणून. समोरच्या गाड्या थांबतात. चालक खाली उतरून टोप्या काढतात. एकदा माझ्या कडेवर दोन वर्षांची भाची होती आणि तिला तेव्हाच "काऊ" दिसला. तिनं तोंड उघडलं, आजूबाजूला पाहिलं, आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. लाखभर माणसं आणि ऐकू येत होता तो फक्त तिचा कावळा.

भामरागड, जि. गडचिरोली (मी सध्या चंद्रपूरला)

मी तिकडे सहा वर्षं शाळेवर होतो, म्हणून माझंही गाव समजा. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती, तीन नद्या तिथं भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की रस्ता बंद व्हायचा. पहिल्या वर्षी मी घाबरलो. माझ्या माडिया आदिवासी विद्यार्थ्यांनी मला नदीकाठी नेलं आणि पाणी कोणत्या दगडापर्यंत आलं की किती दिवस अडकायचं, ते शिकवलं. तिसरीतली पोरं! त्यांचा हिशेब माझ्या अंदाजापेक्षा नेहमी बरोबर निघायचा. बदली झाली तेव्हा वर्गानं मला त्या दगडांचं चित्र काढून दिलं, प्रत्येक दगडापुढे दिवसांचा आकडा लिहून.

मूर्तिजापूर, जि. अकोला

पथ्रोटच्या दादांसाठी. माझे वडील शकुंतलेवर कामाला होते, आता ऐंशी पार आहेत. तुमची डब्याची आठवण त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते खूप वेळ हसले. म्हणाले, "असे डबे लय यायचे. हा मास्तर कोणता, आठवत नाही. पण पोट्टं पयताना दिसलं की डायवर इंजिन दामटत नव्हता."