मदत हवी आहे: मगर पालीच्या जवळची की कोंबडीच्या? दहावीच्या मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणजवळच्या एका गावात दहावीच्या शिकवण्या घेते, गणित आणि विज्ञान. माझं स्वतःचं बीएस्सी केमिस्ट्रीचं, त्यामुळे जीवशास्त्र मी आदल्या रात्री वाचून मग शिकवते, आणि गेल्या आठवड्यात एका ठिकाणी पुरती अडकलेय. इथे प्राणीशास्त्रवाले बरेच आहेत म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पुस्तकात पृष्ठवंशीय प्राण्यांचे सहा वर्ग आहेत, चक्रमुखी, मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन. प्रत्येकाची चार लक्षणं आणि तीन उदाहरणं पाठ केली की मार्क मिळतात, इथपर्यंत काहीच अडचण नव्हती. पण एका मुलाच्या वडिलांचं चिकनचं दुकान आहे, तो परवा पिशवीतून कोंबडीचा पाय घेऊन आला, स्वच्छ धुतलेला. म्हणाला बाई हे बघा. नडगीच्या पुढच्या बाजूला रुंद रुंद पट्ट्या, कौलं रचल्यासारख्या एकावर एक, बोटांखाली बारीक दाणेदार चामडी, आणि नख तर हुबेहूब घोरपडीचं वाटावं असं. मी इतकी वर्षं कोंबडी साफ करतेय पण असं निरखून कधी बघितलं नव्हतं. त्याचं म्हणणं, बाई पुस्तकात खवले हे सरीसृपांचं लक्षण, मग हे काय? आणि मी एका व्हिडिओत ऐकलं की आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरीचं सगळ्यात जवळचं नातं पक्ष्यांशी आहे, पालीशी नाही. मग मगर आणि पाल एका वर्गात आणि कोंबडी वेगळी, हे कसं?

आमच्या मुलांना मगर पुस्तकातली नाही हो, वाशिष्ठी नदीत रोजची आहे, पावसाळ्यात पाणी चढलं की रस्त्यावर सुद्धा येते, जुनी माणसं तिला सुसरच म्हणतात. म्हणून त्यांना हा प्रश्न अगदी घरचा वाटला आणि सगळा वर्गच बोलायला लागला.

मी घरी येऊन वाचलं तर मुलाचं बरोबर निघालं. मगरीचं हृदय चार कप्प्यांचं, पालीचं तीन. मगरीची मादी घरट्यावर राखण करते, अंड्यातून पिल्लांचा आवाज आला की माती उकरून त्यांना बाहेर काढते, पाल अंडी चिकटवते आणि निघून जाते. मगर आणि पक्षी यांचा समाईक पूर्वज साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि पाली-सापांची शाखा त्याच्याही आधी वेगळी झालेली. हे सगळं दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितलं, आणि तिथेच माझी चूक झाली बहुतेक. कारण एक मुलगी म्हणाली मग पुस्तक चुकीचं आहे का, आणि मागच्या बाकावरचा एक म्हणाला, म्हणजे शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नाही, उत्क्रांती पण असंच काहीतरी असणार. सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले. मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही, आणि ते मनातून जातच नाहीये. मुलं विचार करून एक चांगला प्रश्न घेऊन आली आणि जाताना विज्ञानावरचा विश्वास कमी करून गेली, हे मला अजिबात चालणार नाही.

त्यात अजून एक. त्याच आठवड्यात एका मुलीच्या गोठ्यामागे शेणखताचा ढीग उपसताना एक प्राणी निघाला, वीतभर, काळपट, अंगावर वळ्याच वळ्या. घरातले साप म्हणून मारायला धावले, तिने मारू दिला नाही, फोटो काढला आणि फावड्यावर घेऊन ओल्या पालापाचोळ्यात सोडला. फोटोत कातडी ओली चकचकीत, खवले दिसत नाहीत, डोळे असून नसल्यासारखे. माझ्या मते ते देवगांडूळ, म्हणजे बिनपायाचं उभयचर, बेडकाच्या नात्यातलं. बरोबर आहे का? कारण मग आमच्या अंगणात गांडूळ, वाळा साप आणि देवगांडूळ असे तीन जवळजवळ सारखे दिसणारे प्राणी झाले आणि तिघं तीन वेगळ्या ठिकाणचे, एकाला तर पाठीचा कणाच नाही. आणि कोंबडी-मगर दिसायला काहीच सारखी नाहीत आणि ती जवळची! मुलांना मी काय सांगू, दिसण्यावर जा की जाऊ नका?

तर मला हवंय ते असं. हे सहा वर्ग आणि खरं नातं, दोन्ही एकत्र कसं शिकवावं की मुलांना एक खोटं आणि एक खरं असं वाटणार नाही? परीक्षेत काय लिहायला सांगू? आणि नात्याचं झाड काढायचं तर सुरुवात कुठल्या प्राण्यांपासून करू, आमच्या मुलांनी पाहिलेलेच प्राणी घेऊन होईल का? कृपया लिंक देऊन सोडू नका, समजावून सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. वर्णनावरून देवगांडूळच आहे. पुढच्या वेळी सापडलं तर बघा, गांडुळाला जबडा नसतो, याला जबडा आणि दात असतात. वाळ्याचं अंग कोरडं, गुळगुळीत खवल्यांचं असतं आणि याचं बेडकासारखं ओलसर. माणसाला निरुपद्रवी जीव आहे, लोक उगाच मारतात. सह्याद्रीत याच्या बऱ्याच जाती आहेत, एक १९६० साली खंडाळ्याहून नोंदली गेली, एक २००३ मध्ये आंबोलीहून.

आता मुख्य प्रश्न. मी तीस वर्षं कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवलं, आणि हा गोंधळ दरवर्षी एफवायच्या वर्गात पण व्हायचा. मुलांना आधी हे सांगा की वर्गीकरण उत्क्रांतीच्या कल्पनेपेक्षा जुनं आहे. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये प्राण्यांची मांडणी केली तेव्हा डार्विनचा जन्म सुद्धा व्हायचा होता. लिनियसच्या उभयचरांत बेडूक, साप, मगर तर होतेच, शार्क पण होते! मात्र देवमाशाला त्याने त्याच आवृत्तीत माशांतून काढून सस्तनांत घातलं, आधी तो माशांत होता. त्याने दिसेल त्या लक्षणांवरून गट केले आणि त्या काळी तेच शक्य होतं. नंतर १९५० मध्ये विली हेनिग नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने नियम मांडला की गट करायचा तर एक पूर्वज आणि त्याचे सगळेच्या सगळे वंशज, एकही वगळायचा नाही. आपले सहा वर्ग पहिल्या पद्धतीचे आणि तुमच्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ दुसऱ्या पद्धतीचा. मगर कुणाची कोण याबद्दल शास्त्रज्ञांत आज भांडण नाही, फक्त जुनी यादी अजून वापरात आहे कारण ती सोयीची आहे.

मात्र कोंबडीच्या पायाबद्दल एक सावधगिरी. ते खवले मगरीशी जवळीक दाखवत नाहीत, कारण खवले पालीलाही आहेत. जे लक्षण सगळ्यांकडेच आहे ते वडिलोपार्जित सामान, त्यावरून सख्खं कोण आणि चुलत कोण हे ठरत नाही. नातं ठरतं ते मधल्या एखाद्या पूर्वजात नव्याने आलेल्या लक्षणावरून. चार कप्प्यांचं हृदय तसं आहे, पण मुलं लगेच विचारतील की ते माणसालाही आहे, तर सांगा की सस्तनांत ते स्वतंत्रपणे आलं. म्हणून एका लक्षणावर कधीच थांबत नाहीत, हाडं, जनुकं, जीवाश्म सगळं एकत्र बघतात. कोंबडी साफ करताना गळ्याशी इंग्रजी व्ही सारखं हाड निघतं ना, ते दाखवा, तसंच हाड मांसाहारी डायनोसॉरांच्या जीवाश्मांत सापडलंय. आणि डायनोसॉर म्हणजे परदेशी गोष्ट असं वाटू देऊ नका, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडं तर मिळालीच, शेणाचे जीवाश्म पण मिळाले आणि त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतंच असं धरून चालायचे.

प्रतिसाद

मी प्राणीशास्त्रातला नाही, महसूल खात्यात आहे, पण वरच्या सरांचं वाचून एक सुचलं ते लिहितो. ताई, मुलांना सातबाऱ्याचं उदाहरण द्या. आजोबांची जमीन, वारस तीन. त्यातला एक तरुणपणीच मुंबईला गेला, पेहराव बदलला, बोलणं बदललं, गावाला ओळखू येईना. वारस नोंद करताना गावातल्या दोघांनी आपलीच नावं लावली. आता त्या उताऱ्यावरची दोन्ही नावं खोटी नाहीत, खरे वारसच आहेत ते. फक्त यादी अपुरी आहे. सरीसृप म्हणजे तसा उतारा वाटतो मला, मगर, पाल, साप, कासव सगळे खरे भावकीतले, फक्त पंख लावून गेलेल्या शाखेचं नाव लावायचं राहिलंय. सर, चुकत असेल तर सांगा.

प्रतिसाद

अहो चुकत काय, मी हे तीस वर्षांपूर्वी ऐकायला हवं होतं! एकच भर घालतो, ती मुंबईची शाखा मगरीची सख्खी आणि पालीची चुलत. म्हणजे मगर गावात पालीशेजारी राहत असली तरी तिचा सख्खा भाऊ मुंबईत आहे.

आणि ताई, झाड काढायला मासळीबाजारातून सुरुवात करा. मोरी (म्हणजे लहान शार्क) आणि बांगडा शेजारी ठेवा. मोरीला काटे नाहीत, सगळा सांगाडा कुर्चेचा, कल्ल्यांच्या फटी उघड्या, कातडीवर शेपटीकडून उलटा हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी खरखरीत. बांगड्याला हाडाचे काटे आणि कल्ल्यांवर झाकण. आता मुलांना विचारा, बांगडा मोरीच्या जवळचा की आपल्या? सगळे मोरी म्हणतील. पण मोरीची शाखा आधी फुटली, आणि उरलेल्या हाडवाल्या माशांच्याच एका फाट्यातून पुढे लंगफिश (फुफ्फुसाने श्वास घेणारा मासा), बेडूक, पाली, कोंबड्या आणि आपण आलो. कॅनडाच्या एल्समेअर बेटावर २००४ मध्ये टिक्टालिक नावाच्या माशासारख्या प्राण्याचा जीवाश्म मिळाला, साधारण साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्या पराच्या आत खांदा, कोपर, मनगट अशी हाडांची मांडणी आहे. म्हणजे सरीसृपांसारखीच "मत्स्य" ही पण अपुरी वारस नोंद, त्यात आपलं सगळ्यांचं नाव राहिलंय.

परीक्षेत मात्र सहा वर्गच लिहायचे, तिथे प्रश्न त्या यादीबद्दल असतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर आणि दादा, दोघांचे मनापासून आभार. आज शिकवणीत करून बघितलं. सकाळी मच्छी मार्केटमधून एक लहान मोरी आणि दोन बांगडे आणले, मुलांनी हात लावून बघितले, मग फळ्यावर मोरीपासून झाड सुरू केलं. बांगडा आपल्या जवळचा म्हटल्यावर आधी कुणी मानेना, पण फाटे काढत गेल्यावर त्यांनाच दिसलं. सातबाऱ्याचं उदाहरण तर त्यांना लगेच कळलं, घरोघरी तोच विषय. ज्या मुलीने पुस्तक चुकीचं का विचारलं होतं तीच म्हणाली, बाई, पुस्तकातली यादी चुकीची नाही, नावं कमी आहेत.

मागच्या बाकावरचा मुलगा आज काही बोलला नाही, पण सगळे गेल्यावर थांबला आणि त्याने विचारलं की कासव कुठल्या फाट्यावर काढायचं, पालीच्या की मगरीच्या. मी त्याला सांगितलंय उद्या विचारून सांगते. सर, तेवढं सांगाल का?

प्रतिसाद

मगरीच्या. हाडांवरून यावर बरीच वर्षं वाद चालला, कारण कासवाच्या कवटीला डोळ्यामागे भोकं नाहीत म्हणून त्याला सगळ्यात जुनी, वेगळी शाखा मानायचे. पण जनुकं तपासली तेव्हा कासव मगर आणि पक्ष्यांच्या बाजूला गेलं. फाटा मगर-कोंबडीच्या थोडा आधी काढायला सांगा, आणि खडू त्याच्याच हातात द्या.