बाबांची शुगरची पावडर, खरंच उपयोग होतो का?

सिंहगडरोडवाली: बाबांना १२ वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू. सारसबागेत फिरायला येणाऱ्या एका काकांनी त्यांना चूर्ण दिलंय, जांभळाच्या बिया, मेथी, कारलं, गुडमार असं काय काय आहे म्हणे, रोज सकाळी एक चमचा. तीन आठवड्यांत उपाशीपोटीची १६८ वरून ११९ वर आली, त्यामुळे स्वारी जाम खूश आणि कालपासून म्हणतायत गोळ्या बंद करतो. आई रोज भांडतेय. कुणाला अनुभव?

कसबापेठकर: गोळ्या मनाने बंद नको आणि डॉक्टरांना न सांगता दोन्ही एकत्र पण नको. माझे सासरे ग्लिमेपिराइडवर असलंच चूर्ण घेत होते, त्यात एकादशीचा उपास, लक्ष्मी रोडवर घामाघूम होऊन दुकानाच्या पायरीवरच बसले. मीटरवर शुगर ५४, म्हणजे फारच खाली! साखरपाणी दिलं तेव्हा कुठे बोलायला लागले.

केमिस्ट_कोथरूड: पाकिटावर लायसन्स नंबर, घटक, बॅच आहे का बघा. सुट्या पावडरीत गुपचूप अ‍ॅलोपॅथीची शुगरची गोळी कुटून घातलेली असते, असे प्रकार सापडलेत, म्हणून शुगर झटकन उतरली की मला तरी आनंद कमी आणि शंका जास्त येते. आणि "मधुमेह मुळापासून बरा" अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानेच बंदी आहे.

मेथीचा_लाडू: सगळंच थोतांड नाहीये हां. मेथीत विरघळणारा फायबर असतो, जेवणानंतरची साखर जरा हळू चढते. गुडमारची तर गंमत आहे, पान चावून वर साखर खा, वाळू खाल्ल्यासारखी लागते, गोडच कळत नाही थोडा वेळ! पण म्हणून ते गोळीची जागा घेईल असं नाही. एका उपाशीपोटीच्या आकड्यावर जाऊ नका, एचबीए१सी ही रक्ततपासणी करा, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. आणि या तीन आठवड्यांत बाबांनी अजून काय बदललं ते विचारा.

सिंहगडरोडवाली: विचारलं. फिरून झाल्यावरचा चहा-क्रीमरोल बंद केलाय, कारण काकांचं पथ्य! शिवाय दोन फेऱ्या जास्त. म्हणजे श्रेय कुणाचं देव जाणे. पुडीवर नंबर-बिंबर काही नाही, नुसतं पेनाने "मधूमेह" लिहिलंय, तेही दीर्घ धू. आईने ती लपवून ठेवलीये, शनिवारी डॉक्टरांना दाखवणार. गोळ्या चालू आहेत, तोंड वाकडं करून का होईना.